सागाचे खण

वऱ्हाडात जुने घर घ्यावयाचे म्हणजे पहिला प्रश्न येतो तो किती खणांचे, हा. दोन खांबांमधले अंतर तो खण. भिंतींचे कोणी विचारीत नाही, कारण त्या पांढऱ्या मातीच्या. घराची ऐपत कळते ती खांब, तुळया आणि कड्या ह्यांवरून. म्हणूनच आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पडक्या वाड्याला दोन किमती असतात : एक उभ्या घराची, दुसरी पाडून काढलेल्या लाकडाची.

ह्या सागामागचा पैसा शोधू गेल्यास खामगावच्या कापूसबाजारात जावे लागते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे पाहू लागल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. पण तोवर पैसा घाट चढून वर आला होता. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग खुद्द लॉर्ड मेयोने येऊन खुला केला. व्हाइसरॉयने एका कापसाच्या पेठेसाठी एवढी वाट तुडवावी, ह्यावरून त्या पेठेचे वजन ध्यानात यावे. आमच्याकडचे पुष्कळ सागवानी वाडे ह्याच भरभराटीत उठले असावेत, असे माझे मत आहे. गावात बँक नव्हती. शिल्लक राहिलेला पैसा सोन्यात, शेतात नाही तर घराच्या खांबांत जाई.

मेहकरास असला एक आठ खणांचा वाडा मी काही वर्षांपूर्वी घेतला. समृद्धी महामार्गाचे काम तेव्हा चालू होते व खोल्यांना भाडेकरू मिळत होते. दुरुस्ती करावी, भाडे घ्यावे, भाव चढला की विकावा, एवढाच माझा सरळ व्यापारी हेतू. वारस अकरा. सह्यांना कोणी खळखळ केली नाही. अडले ते गुप्तधनावर. “सोनं निघालं तर निम्मं आमचं, हे खतात लिहा गुरुजी,” असे त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले. मला त्यांचे हसू आले नाही. १८८८ साली ह्याच मेहकरात खोदताना बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती निघाली; मग भुईखाली काही नाही, असे त्या गावात कोणी कसे म्हणावे? वकिलांनी १८७८ चा निखात निधीचा कायदा काढला. दहा रुपयांवरचे धन सापडले की कलेक्टरास कळवावयाचे. शंभर वर्षांच्या आतले असेल तर पुरणाराच्या वारसांना हक्क सांगता येतो. अमेरिकन युद्धाच्या वेळचे सोने त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेले होते, हे ऐकून काका बराच वेळ बोलले नाहीत. अखेर सही केली.

दुरुस्तीत पैसा गेला तो धाब्यावर. खारी माती दर पावसाळ्यापूर्वी नवी घालावी लागते. ती वर्षानुवर्षे पडली नव्हती, त्यामुळे पाणी मुरून तीन कड्या कुजल्या होत्या. त्याच सुमारास जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. खांबांवर नख ओढून पाहिले आणि नुसत्या लाकडाची किंमत सांगितली. ती माझ्या खरेदीच्या जवळपास होती. “उभं ठेवून काय करता, गुरुजी? भाड्यानं व्याजही सुटणार नाही.” त्याचा हिशेब बरोबर होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, कामावरची माणसे गेली आणि माझ्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या.

तरी लाकूड दिले नाही, ह्याचे कारण भिंतीतल्या बळदात सापडले. सोने नव्हते, वाळवीने अर्धे खाल्लेले मोडी लिपीतले एक बाड होते. जाणकाराकडून वाचवून घेतले. खामगावास गेलेल्या गाड्या, बोजे, बैलांची सरकी-पेंड, आणि मधूनच वाडा बांधणाऱ्या सुतारांची मजुरी. काकांना बोलावून ते दाखविले. त्यांनी पाने उलटली, आजोबांचे नाव कोठे आहे ते विचारले, त्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसले, आणि बाड पुन्हा माझ्याकडेच ठेवावयास सांगून गेले. कुजलेल्या कड्यांच्या जागी तीन नव्या घातल्या आहेत. त्या मात्र बाभळीच्या आहेत.