संत कामिल्लस : जुगारी शिपायाचें नवजीवन

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. देवालयाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, घंटा कोणीं अर्पण केली, किती बालकांस बाप्तिस्मा मिळाला, किती विवाह लागले, हें सर्व नोंदवहींत सांपडतें आणि तें आदरानें सांगणें योग्यच आहे. परंतु एक हिशेब असा आहे कीं, तो कोणत्याहि नोंदवहींत उतरत नाहीं. या दारांतून खचलेल्या मनानें आंत आलेलीं किती माणसें नवीं होऊन बाहेर गेलीं, हें एका परमेश्वरासच ठाऊक.

वास्तविक ज्युबिली हा शब्द याच हिशेबाचा आहे. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें मुक्ततेचें वर्ष ठरविलें होतें. त्या वर्षीं दास्यांत पडलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुळांत परत जाई, आणि विकली गेलेली वतनाची जमीन मूळ कुळाकडे येई. पवित्र ख्रिस्तसभेनें १३०० सालीं, पोप आठवे बोनिफास यांच्या कारकीर्दींत, पहिलें ज्युबिली वर्ष पाळलें. आणि १४७५ पासून तें दर पंचवीस वर्षांनीं पाळण्याची प्रथा पडली. बंधनांतून सुटका आणि घराकडे परत येणें, हा ज्युबिलीचा मूळ अर्थ होय.

म्हणून या स्मरणिकेसाठीं आम्हीं अशा एका पुरुषाचा इतिहास निवडला आहे कीं, ज्याचा जन्म एका ज्युबिली वर्षीं झाला आणि नवा जन्म त्यापुढील ज्युबिली वर्षीं झाला. तो पुरुष म्हणजे संत कामिल्लस द लेलिस. आज सर्व जगांतील रोगी, रुग्णालयें आणि परिचारिका त्यांस आपले आश्रयदाते मानतात. परंतु वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांस ओळखणाऱ्या कोणीहि त्यांच्याविषयीं असें भाकीत केलें नसतें.

कामिल्लस २५ मे १५५० रोजीं इटलींतील बुक्कियानिको या गांवीं जन्मला. हा मुलूख त्या काळीं नेपल्सच्या राज्यांत मोडत असे. बापाचा पेशा शिपाईगिरीचा. आई कामिल्ला हिला हें मूल उतारवयांत झालें. चरित्रकार सांगतात कीं, प्रसूतीपूर्वीं तिला एक स्वप्न पडलें. छातीवर क्रूस असलेला एक मुलगा पुढें चालला आहे, आणि तसाच क्रूस धारण केलेले पुष्कळ मुलगे त्याच्या मागें चालले आहेत. ती माउली आनंदली नाहीं, घाबरली. आपल्या पोटीं दरोडेखोरांचा एखादा नायक तर येत नाहीं ना, अशी तिला धास्ती पडली. मुलगा तेरा वर्षांचा असतांना ती निवर्तली; आणि तोंवर त्या मुलानें तिची धास्ती दूर होईल असें कांहींच केलें नव्हतें.

मुलगा सहा फुटांहून उंच, अंगानें दणकट आणि स्वभावानें तापट निघाला. अक्षरओळख बेताची, परंतु पत्ते आणि फांसे यांत तरबेज. तरुणपणींच बापाबरोबर तो व्हेनिसच्या सैन्यांत तुर्कांशीं लढावयास निघाला. वाटेंतच बाप आजारी पडून मरण पावला. त्याच सुमारास कामिल्लसच्या पायावर एक व्रण झाला, तो कांहीं केल्या भरेना. १५७१ सालीं तो रोम शहरांत असाध्य रोग्यांसाठीं असलेल्या संत याकोबाच्या रुग्णालयांत आला. उपचार व्हावा आणि त्याच्या बदल्यांत रोग्यांची चाकरी करावी, असा करार झाला. परंतु चाकरींत त्याचें मन नव्हतें. रोग्यांस सोडून तो तिबर नदीवरील नावाड्यांबरोबर जुगार खेळावयास जाई आणि परत येऊन सोबत्यांशीं भांडे. कांहीं महिन्यांनीं रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनीं त्यास काढून टाकलें.

पुन्हां शिपाईगिरी, पुन्हां जुगार. १५७४ सालीं नेपल्स शहरांत त्यानें होतें नव्हतें तें सर्व घालविलें. हत्यारें गेलीं, पैसा गेला, अंगावरचा सदराहि गेला. त्या हिंवाळ्यांत मान्फ्रेदोनिया गांवांतील देवालयाच्या दारांत हा धिप्पाड तरुण भीक मागत उभा राहिला. तेथें एका गृहस्थानें त्यास पाहिलें आणि कापुचिन संन्याशांच्या नव्या मठाचें बांधकाम चाललें होतें तेथें कामास लाविलें. दगड आणि पाणी लादलेलीं गाढवें हांकणें, एवढेंच काम. गांवचीं पोरें त्याच्या फाटक्या कपड्यांस हंसत असत. तथापि कित्येक वर्षांत प्रथमच तो कष्टाची भाकर खात होता.

१५७५ साल उजाडलें. पोप तेरावे ग्रेगोरी यांनीं रोमांत ज्युबिलीचें पवित्र द्वार उघडलें होतें, आणि ख्रिस्ती जगांतून यात्रेकरू तिकडे लोटत होते. आमचा हा शिपाई मात्र गाढवें घेऊन एका मठाहून दुसऱ्या मठास चालला होता. सान जोवान्नी रोतोन्दो येथील मठाच्या वडील संन्याशानें त्यास एका बाजूस घेऊन थोडे शब्द सांगितले. पाप किती हीन आणि देव किती थोर, एवढाच त्यांचा आशय. रात्र गेली. दुसरे दिवशीं, २ फेब्रुवारीस, मेणबत्त्यांच्या सणादिवशीं, परतीच्या खडकाळ वाटेवर ते शब्द त्याच्या काळजांत असे उतरले कीं, तो गाढवावरून उतरून धोंड्यांवर गुडघे टेकून रडूं लागला. आपलें मागील आयुष्य त्यास प्रथमच दिसलें. प्रायश्चित्तासाठीं कांहीं काळ मिळावा, एवढेंच त्यानें परमेश्वराजवळ मागितलें. मठांत पोंचतांच त्यानें संन्याशाचा झगा मागितला.

वाचकहो, पुष्कळ कथा येथेंच संपतात. वाटेवरचे अश्रू आपणां सर्वांस आवडतात. त्यापुढील वर्षें सांगावयास कोणी बसत नाहीं. परंतु संत कामिल्लस यांच्या चरित्राचा खरा बोध त्या पुढील वर्षांत आहे.

कापुचिन मठांत ते उमेदवार म्हणून राहिले. त्यांची निष्ठा खरी होती. परंतु संन्याशाचा जाडाभरडा झगा पायाच्या व्रणास घासूं लागला आणि जखम पुन्हां चिघळली. मठाच्या नियमाप्रमाणें त्यांस परत पाठविण्यांत आलें. ते कोठें गेले? ज्या रुग्णालयानें त्यांस जुगारापायीं हांकलून दिलें होतें, त्याच रुग्णालयाच्या दारीं ते गेले. आणि त्या रुग्णालयानें त्यांस पुन्हां आंत घेतलें. या वेळीं त्यांनीं चार वर्षें रोग्यांची सेवा केली. १५७९ सालीं त्यांनीं पुन्हां कापुचिन मठाची वाट धरली. जखमेनें पुन्हां डोकें वर काढलें, आणि त्यांस पुन्हां माघारीं यावें लागलें. तेव्हां कोठें त्यांस उमजलें कीं, देव आपणांस जखम बरी करून दुसरीकडे नेऊं इच्छीत नाहीं. जखमेसहित येथेंच ठेवूं इच्छितो. त्याच सालीं एके काळचा हांकलून दिलेला चाकर त्या रुग्णालयाचा मुख्य कारभारी झाला.

त्या काळच्या रुग्णालयांची स्थिति आपण ध्यानांत घेतली पाहिजे. सेवा करणारे बहुधा पोटार्थी नोकर असत. रोग्यास वेळेवर अन्न मिळेल, कीं कोणी त्याचें अंथरूण बदलील, याची शाश्वति नसे. मरणासन्न माणसाजवळ कोणी बसत नसे. इतकेंच नव्हे, तर प्राण पुरता गेला नसतांहि एखाद्यास प्रेत समजून उचलून नेण्याचे प्रकार घडत. कामिल्लस यांनीं हें सर्व रोगी या नात्यानें भोगलें होतें आणि कामचुकार चाकर या नात्यानें केलेंहि होतें. त्यामुळें कोणी त्यांच्या डोळ्यांत धूळ टाकूं शकत नसे. त्यांनीं खिडक्या उघडावयास लाविल्या, पथ्याच्या अन्नाची व्यवस्था केली, सांथीच्या रोग्यांस निराळें ठेविलें, आणि प्राण गेला असें दिसल्यावरहि पाव तास प्रार्थना चालू ठेवावी असा दंडक घातला. तरीहि पगारी नोकर तेच राहिले. १५८२ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या मनांत विचार आला कीं, पगारासाठीं नव्हे तर देवावरील प्रीतीसाठीं, आई आपल्या एकुलत्या आजारी लेकरास जपते तसें रोग्यांस जपणारीं माणसें एकत्र आणावीं.

विरोध बाहेरून आला तसा आपल्याच माणसांकडूनहि आला. त्यांचे अध्यात्मगुरु संत फिलिप नेरी यांसहि त्यांनीं तें रुग्णालय सोडावें हें पसंत पडलें नाहीं. हताश झालेल्या कामिल्लस यांस क्रुसावरील प्रभूनें धीर दिला आणि हें कार्य तुझें नसून माझें आहे असें जाणविलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. धर्मगुरु झाल्यावांचून कार्यास बळ येणार नाहीं, हें ओळखून बत्तिसाव्या वर्षीं ते लहान मुलांच्या शेजारीं बांकावर बसून लॅटिन व्याकरण शिकूं लागले. पोरें येथेंहि हंसलीं. २६ मे १५८४ रोजीं इंग्लंडमधून परागंदा झालेले बिशप थॉमस गोल्डवेल यांच्या हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १५८६ सालीं पोप पांचवे सिक्स्तस यांनीं त्यांच्या संघास मान्यता दिली, आणि त्याच वर्षीं काळ्या झग्यावर छातीशीं तांबडा क्रूस लावण्याची परवानगी दिली. आईनें स्वप्नांत पाहिलेली ती मिरवणूक हीच होती. १५९१ सालीं पोप चौदावे ग्रेगोरी यांनीं त्या संघास पूर्ण धर्मसंघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांस या संघानें चौथें व्रत जोडलें : स्वतःच्या जिवावर बेतलें तरी, सांथीच्या रोग्याचीहि सेवा सोडणार नाहीं.

हें व्रत कागदावर राहिलें नाहीं. १५८९ सालीं नेपल्सजवळ नांगरलेल्या गलबतांवर सांथ पसरली असतां या संघाचे सेवक गलबतांवर चढले आणि त्यांतील दोघे मरण पावले. १५९५ सालीं आणि पुन्हां १६०१ सालीं हंगेरी व क्रोएशिया येथील तुर्कांविरुद्धच्या लढायांत ते जखमी शिपायांच्या शुश्रूषेस गेले. तांबडा क्रूस छातीवर घेऊन रणांगणावर जखमींस उचलणारीं हीं माणसें आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या स्थापनेपूर्वीं अडीचशें वर्षांहून अधिक काळ होऊन गेलीं. १५९८ च्या नाताळांत तिबर नदीस महापूर आला, तेव्हां पाणी चढत असतां कामिल्लस यांनीं रुग्णालयांतील रोग्यांस उचलून वरच्या मजल्यावर पोंचविलें. ज्या नदीवर ते पूर्वीं रोग्यांस सोडून पत्ते खेळावयास जात, तीच ही नदी.

आणि पायाचा व्रण? तो शेवटपर्यंत भरला नाहीं. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं तो वागविला. चालवत नसे तेव्हांहि ते एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत रखडत जाऊन रोग्यांची विचारपूस करीत. १६०७ सालीं संघाचें प्रमुखपद सोडून ते केवळ सेवक म्हणून राहिले, आणि १४ जुलै १६१४ रोजीं रोम शहरांत त्यांनीं देह ठेविला. १७४६ सालीं पोप चौदावे बेनेदिक्त यांनीं त्यांस संतपद दिलें. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस, संत जॉन ऑफ गॉड यांच्यासह, रोग्यांचे व रुग्णालयांचे, आणि १९३० सालीं पोप अकरावे पायस यांनीं परिचारकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

या चरित्रांतून आमच्या धर्मग्रामानें काय घ्यावें? आपल्या घरांतहि कामिल्लस आहेत. कोणाचा मुलगा दारूच्या नादीं, कोणाचा भाऊ जुगाराच्या. तो नाताळांत शपथ घेतो आणि उपवासकाळापूर्वींच मोडतो. मग शेजारी म्हणतात, याचा पश्चात्ताप म्हणजे नाटक. आणि पुढील खेपेस तो देवालयाच्या पायरीशीं आला तर आपण तोंड फिरवितों. त्यांस आम्ही नम्रपणें सांगतों कीं, संत कामिल्लस यांसहि एकदां काढून टाकलें होतें आणि दोनदां परत पाठविलें होतें. एका गृहस्थानें त्यांस भिकेऐवजीं काम दिलें, एका संन्याशानें थोडे शब्द सांगितले, आणि एका रुग्णालयानें आपलें दार दुसऱ्यांदा उघडलें. हें तिसरें झालें नसतें तर पहिलीं दोन वायां गेलीं असतीं. परमेश्वराची कृपा माणसांच्या हातांनींच त्यांच्यापर्यंत पोंचली.

आणि जो स्वतः धडपडत आहे त्यास हेंहि सांगणें अवश्य आहे कीं, वाटेवरचे अश्रू ही केवळ सुरुवात होय. पापनिवेदनाच्या आसनापुढें गुडघे टेकून उठलेल्या माणसाचा देह तोच राहतो, स्वभावाचा उतार तोच राहतो, जुनी जखम कदाचित् आयुष्यभर ठणकत राहते. तेवढ्यानें कृपा खोटी ठरत नाहीं. प्रभूनें कामिल्लस यांस दुसरें शरीर किंवा दुसरा स्वभाव दिला नाहीं. त्याच दणकट खांद्यांवर रोगी वाहविले, तोच शिपाईबाणा सांथीपुढें उभा केला, आणि त्याच व्रणाच्या योगें त्यांस दुसऱ्याची वेदना कळविली. नवजीवन म्हणजे हेंच. आणि तें रोज सकाळीं नव्यानें हातीं घ्यावें लागतें.

आपल्या देवालयाचें दार या ज्युबिली वर्षीं फुलांनीं सजविलें आहे. तें दार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आणि दहाव्यांदा येणाऱ्यासहि तितक्याच आनंदानें उघडलें जावो, आणि पुढील ज्युबिलीपर्यंत त्यांतून अनेक कामिल्लस निर्माण होवोत, अशी प्रभु येशूच्या चरणीं आमची प्रार्थना आहे. संत कामिल्लस, आम्हांसाठीं विनंति करा.