दिनविशेष : २६ सप्टेंबर – ‘परम रुद्र’ रुजू

पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले तीन ‘परम रुद्र’ महासंगणक २०२४ साली आजच्याच दिवशी राष्ट्रार्पण झाले. पुण्यातल्या यंत्राची कामगिरी नगरकरांच्या अगदी शेजारची. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडद परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! अवकाशात क्षणार्धात चमकून विझणारे रेडिओ स्फोट या अँटेनांकडून येणाऱ्या माहितीच्या महापुरातून वेचायचे, तर असा संगणक हवाच.

‘परम’ मालिकेची मुळं मात्र जुनी आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला सुपरकॉम्प्युटिंगची पहिली वार्षिक परिषद भरली. त्याच वर्षी पुण्यात ‘सी-डॅक’ ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली.

डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडला. एकट्या प्रोसेसरवर भार न टाकता गणित अनेकांत वाटून द्यायचं, ही त्याची किमया.