सोलून निघणारा रंग

पनवेलचं पोट चाकांवर भरत आलंय. १८३० साली बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला. मुंबईहून निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे पुण्याची वाट धरायचा. बैलगाडीची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा. जुन्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे. १८६३ला रेल्वे कर्जतवरून घाट चढली आणि पनवेलची ती वर्दळ ओसरली. पुढे कळंबोलीपासून सुरू होणारा एक्स्प्रेसवे २००२ला पूर्ण झाला. आज गाड्यांच्या मागोमाग आलेली गॅरेजं, सीटकव्हरवाले, स्टिकरवाले इथे जागोजागी दिसतात. गाडी 'मॅट ब्लॅक' करून देणारेसुद्धा.

हा मॅट ब्लॅक बऱ्याचदा रंग नसतोच. तो असतो सोलून काढता येणारा रबराचा लेप. त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव प्लास्टी डिप. ही कंपनी १९७२ची, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. सुरुवातीचं काम साधं होतं: पक्कड, पाने यांच्या दांड्या पातळ रबरात बुडवायच्या, म्हणजे हातातून निसटत नाहीत. तोच माल पुढे स्प्रेच्या डब्यात आला आणि गाड्यांवर बसू लागला.

सोलायच्या लेपाची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या नौदलाने शेकडो जहाजं बाजूला उभी केली. डेकवरच्या तोफांभोवती जाळी बांधून त्यावर प्लॅस्टिकचा थर फवारला, आतली हवा कोरडी ठेवली. १९५०ला कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा ही साल कापून काढली आणि जहाजं पुन्हा समुद्रात गेली. लेप होता तो आतली वस्तू जपण्यासाठी.

यामागचं गणित सोपं आहे. फवारल्यावर द्रावक उडून जातो आणि रबराचा पापुद्रा मागे राहतो. तो पत्र्याला जितका चिकटतो, त्याहून स्वतःला जास्त घट्ट धरून असतो. म्हणून कडेला नख घालून ओढला की अखंड निघतो. पण त्यासाठी थर जाड हवा. पहिला हात विरळ, मग थोडं थांबत थांबत आणखी चार-पाच. मास्किंग टेप काढायची ती शेवटचा हात ओला असतानाच. वाळल्यावर ओढली तर कड फाटते. दमट हवेत काम बिघडतं, त्यामुळे आपल्याकडचा पावसाळा यासाठी वाईट. थर पातळ असेल किंवा वर्षानुवर्षं उन्हात तापला असेल, तर तो सालीसारखा न निघता खपलीसारखा निघतो. पेट्रोल तर याचा वैरीच.

माझ्या मावसभावाने सेकंडहँड बाइक घेतली तेव्हा हे सगळं मी हाताने अनुभवलं. बाइक काळी, आरसीवर रंग लाल. टाकीच्या झाकणाभोवती लेप पेट्रोलने चिकट झाला होता, तिथूनच सुरुवात केली. दोन दुपारी आम्ही अंगठ्याने रबर चोळत बसलो होतो. खालून लाल रंग निघाला, आणि टाकीच्या डाव्या बाजूला पुट्टी भरलेला मोठा पोचा. हँडल थोडं ओढतं ते का, हे तेव्हा कळलं. विकणाऱ्याने पडलेल्या गाडीचा विषयच काढला नव्हता.

'हा रंग नाही, कधीही काढता येतो, मग कायदा कशाला आडवा येईल?' असं अनेक पोरं विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि रंग हा त्यातलाच एक तपशील. कुणी ठोकून पळालं तर रस्त्यावरच्या माणसाला नंबर क्वचित आठवतो. 'लाल बाइक होती' एवढंच तो सांगू शकतो. गाडी काळी फिरत असेल आणि कागदावर लाल असेल, तर ती साक्ष वाया जाते. रंग बदलायचाच असेल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी.

जहाजांवरचा लेप आणि त्या बाइकवरचा लेप, युक्ती एकच. एकाने खालची वस्तू जपली, दुसऱ्याने खालचा घाव झाकला. तेव्हा जुनी मॅट गाडी घेताना आरसीवरचा रंग वाचा, सीट उचला, पेट्रोलचं झाकण उघडून आत बघा. तिथपर्यंत स्प्रे सहसा पोचलेला नसतो.