कसलेलं शरीर



जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात घटकाभर कान देऊन उभे राहा. एखादा उंचनिंच जवान मातीत उतरला की कोणीतरी म्हणतं, "गडी धिप्पाड हाय!" शेजारचा म्हातारा मान हलवून उत्तर देतो, "धिप्पाड हाय खरा, पण कसलेला न्हाई." या दोन शब्दांमधलं अंतर आपल्या मराठीनं कसं जपलं, ते आज पाहू.

जुन्या संस्कृत काव्यांत बलवान पुरुषाला 'आजानुबाहू' म्हणत, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात असा. बैलासारखे खांदे असले तर तो 'वृषस्कंध'. ही बहुधा राजांची आणि वीरांची विशेषणं. त्यांतलं शरीर जन्मतःच लाभलेलं असतं, मेहनतीचा त्यांत उल्लेख नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मात्र निराळी दृष्टी दिसते. त्यातल्या 'मल्लविनोद' प्रकरणात मल्लांची प्रतवारी वय, देह आणि बळ पाहून केली आहे. त्यांनी व्यायाम कोणता करावा, खावं काय, हेही सांगितलं आहे. देहाचा आकार हे एक माप आणि अंगातलं बळ हे दुसरं, हा विवेक इतका जुना आहे.

पुढं दरबारांबरोबर फारसी-अरबी शब्द आले आणि मातीत मिसळून गेले. 'पहिलवान', 'कुस्ती', 'जोर', 'खुराक' हे फारसीतले. 'मजबूत' अरबीतला. 'तालीम' हा मूळ अरबी शब्द आणि त्याचा अर्थ शिक्षण! 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, शिकवणारा. गुरुजी, तेव्हा तालमीतला वस्ताद हा तुमचा जुना भाऊबंदच म्हणायचा.

पण खरी गंमत आहे ती आपल्या घरच्या शब्दांत. दोरखंड वळताना पीळ भरतात, तसा अंगाला पीळ भरला की ते 'पिळदार' होतं. यातला 'पीळ' मराठी आणि 'दार' फारसी, म्हणजे शब्दही दोन धाग्यांचा वळलेला! शेतकरी जमीन कसतो आणि पहिलवान शरीर कसतो, दोघांचं क्रियापद एकच. चामडं कमावतात, तसंच शरीरही 'कमावतात'. कच्चं कातडं दिवसेंदिवस भिजवून, घासून टिकाऊ करायचं, तेच काम जोर-बैठकांनी अंगावर करायचं. दंड फुगवला की वर जो गोळा उठतो, त्याला आपण 'बेडकी' म्हणतो. इंग्रजीतल्या 'मसल' या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं त्याचा अर्थ होतो छोटा उंदीर. रोमन माणसाला कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्या माणसाला बेडूक.

या शब्दांच्या छटाही नीट पाहा. 'धिप्पाड' म्हटलं की उंची-रुंदी आली. 'धष्टपुष्ट' म्हटलं की खाणंपिणं बरं चाललंय हे कळलं. 'आडदांड' म्हणण्यात थोडी भीती आहे आणि थोडी नाराजीही. 'दणकट' तो मार सोसणारा. आणि 'काटक' म्हणजे अंगावर मांस थोडं, पण दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कामाला न हटणारा.

काटकपणाचं मोल काय, हे पाहायचं तर कोल्हापूरकडे वळावं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. पुढं याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकायला आला तो कराडजवळच्या गोळेश्वर गावचा खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला त्यानं ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. या गड्याला धिप्पाड कोणी म्हटलं नसतं. चपळाई, डावांची जाण आणि कसलेलं अंग, एवढीच त्याची पुंजी होती.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या बारीक पोराला 'हडकुळा', 'किडकिडीत' ही नावं चटकन चिकटतात आणि ती त्याच्या मनात घर करतात. ते पोर घरी पाणी भरतं, गुरांमागं हिंडतं, चार मैल चालून शाळेत येतं. त्याला 'काटक' म्हणून पाहा. मुलींनाही हा शब्द द्या. बळाचे पुष्कळसे शब्द आपण पुरुषांसाठी राखून ठेवले, पण भातलावणीला दिवसभर कंबरेत वाकून उभी राहणारी बाई कोणत्या पहिलवानाहून कमी कसलेली आहे? 'धट्टीकट्टी गरिबी' असं आपली म्हण सांगते. त्यात 'धट्टीकट्टी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तो बायकांनाही शोभून दिसेल.

एक काम मुलांना जरूर सांगा. घरच्या आजा-आजींना विचारून अंगाच्या ताकदीचे जेवढे शब्द मिळतील तेवढे वहीत उतरवायचे आणि प्रत्येकापुढं तो कोणत्या कामाधंद्यातून आला असेल ते लिहायचं. शेत, दोरखंड, चामडं, तालीम ही गावची सारी मेहनत त्या एका पानावर मुलांना दिसेल.