हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग आणि दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेचा वाद

प्रस्तावना :
मानवी मेंदूपासून निघणाऱ्या तंत्रिकांच्या १२ जोड्या आहेत. ही गणना सोमरिंग याने १७७८ मध्ये निश्चित केली. बहुतेक जोड्यांचे कार्य डोके व मान यांपुरते सीमित असते. दहावी जोडी, म्हणजेच व्हेगस किंवा प्राणेशा तंत्रिका, मात्र छाती व उदरापर्यंत उतरते. तिला उत्तेजित केल्यास हृदय मंदावते वा क्षणभर थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले होते. या तंत्रिकेविषयीचा एक जागतिक वाद निजामाच्या राज्यात लढला गेला. औरंगाबादसह मराठवाडा १९४८ पर्यंत याच राज्याचा भाग होता. तरीही आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात या प्रकरणाची दखल क्वचितच आढळते.

वादाचे स्वरूप :
१८४७ मध्ये सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत दगावली. असे मृत्यू श्वास थांबून होतात की हृदय थांबून? एका मतानुसार, भूल अपुरी असताना दात उपटल्यास पाचव्या तंत्रिकेची वेदना मेंदूमार्गे दहावीत उतरते व हृदय बंद पाडते. हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांना हे अमान्य होते. ते एडिनबरोच्या साइम यांचे शिष्य. नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा, ही गुरूंची शिकवण.

लॉरींच्या १८८८ च्या पहिल्या आयोगावर 'लॅन्सेट'ने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने १००० पौंड देऊन त्या नियतकालिकाचा प्रतिनिधी पाचारण केला. लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. अर्धवट भुलीत दात व नखे उपटण्यात आली, व्हेगस उत्तेजित करण्यात आली. हृदयाला थेट धोका नाही, श्वास सांभाळावा, असा निर्वाळा मिळाला. हृदय मंदावणे हे तर आयोगाला संरक्षकच वाटले, कारण त्यामुळे विषारी रक्ताचा प्रवाह रोखला जातो! ब्रंटन यांनीही आपले पूर्वीचे मत सोडले. मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा असलेल्या खजिन्यातून हा खर्च झाला, हे नमूद केले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या मते आयोगाचे प्रयोग विपुल होते, परंतु उत्तर आधीच ठरलेले होते. केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनी १८९३ मध्ये क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दुर्बल करते, असे दाखविले. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की, हलक्या भुलीत ॲड्रेनॅलिनच्या प्रभावाने हृदयाचे निलय कंप पावू लागतात व मृत्यू येतो. दहावी तंत्रिका बऱ्याच अंशी निर्दोष ठरली, हृदय मात्र नाही. आणि या २२ वर्षांत लॉरींच्या शिकवणुकीवर विसंबलेल्या भूलतज्ज्ञांनी नाडीवरचे बोट काढून घेतलेले होते.