घाटातले मिसिंग

मंडळी, आज चिखलदऱ्याला आपल्यातले बहुतेक जण परतवाड्याहून धामणगाव गढीच्या वाटेने आलात. परतवाड्यापासून इथवर सुमारे अडीच हजार फुटांचा चढ आहे. आजच्या गाड्या तो गाणी ऐकत चढतात. पूर्वी मे महिन्यात याच घाटात वळणावळणाला बॉनेट उघडलेली एखादी फियाट किंवा अॅम्बेसेडर उभी असायची. इंजिनावरच्या एसी पंपावर ओले फडके, आणि शेजारच्या दगडावर सगळे कुटुंब डबा उघडून बसलेले. ‘गाडी मिसिंग मारते’ एवढे म्हटले की कुणाला अधिक काही सांगावे लागत नसे. त्या मिसिंगचा, आणि ते ओळखण्याच्या विद्येचा इतिहास हा आजचा विषय.

मिसिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असतील तर सहा हजार ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर. त्यातली एखादी चुकली की गाडी ठसकते. चुकण्याची कारणे तीनच घरची: ठिणगी, इंधन आणि दाब. तीनच म्हणून सोपे वाटते, पण तिन्हींचे लक्षण एकच, ठसका. तर्कशास्त्रात आम्ही याला कारणांची अनेकता म्हणतो. एका कार्याला अनेक कारणे संभवत असतील तर कार्य पाहून कारण सांगता येत नाही.

इंजिनाच्या इतिहासात सगळ्यांत जास्त छळले ते ठिणगीने. १८६० साली पॅरिसमध्ये लन्वार याने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पुढे डाइमलरने तिचा नाद सोडून तापलेल्या नळीने इंधन पेटवले. बेन्झ मात्र विजेलाच धरून राहिला. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा कुठे वेगवान इंजिनांना भरवशाची ठिणगी मिळाली. नंतर अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची रचना मांडली. त्याच्या कंपनीचे नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरे जोडली की डेल्को! आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’च म्हणतात. ओहायोतल्या एका कंपनीचे नाव परतवाड्याच्या गॅरेजात सामान्यनाम होऊन बसले, आणि तिथे ते कुणाला परके वाटत नाही. एसी पंपाचीही गोष्ट तशीच. एसी म्हणजे आल्बेर शांपियों, मूळचा सायकलपटू.

केटरिंगची ही रचना पुढे साठ-सत्तर वर्षे जवळजवळ तशीच राहिली. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथे बनलेल्या फियाट ११०० मध्येही तीच रचना होती. १९७४ पासून या गाडीला पद्मिनी म्हणू लागले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. इतका काळ एकच इंजिन असल्यामुळे मिस्त्रींच्या दोन पिढ्यांचा कान त्यावर तयार झाला. पुस्तके थोडी, हाताखाली शिकणारी पोरे पुष्कळ.

आता घाटात येऊ. आमच्याकडे १९६८ ची फियाट होती. २०११ च्या मे महिन्यात ती या चढावर ठसकू लागली. आम्ही थांबलो, पंपावर ओले फडके टाकले, अर्धा तास वाट पाहिली, आणि गाडी सुरू झाली. निदान झाले! उन्हाने पंपात पेट्रोलची वाफ धरते, फडक्याने पंप निवतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग शहरातल्या एका गॅरेजने पंप बदलला, कार्बोरेटर उघडला, प्लग काळे दिसले म्हणून नवे घातले. सगळे एकाच दिवशी. बिल मोठे झाले, आणि ठसका कायम राहिला.

तीस वर्षे आम्ही वर्गात मिलच्या रीती आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवला. अग्नीवरून धूर अनुमानता येत नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पण स्वतःच्या गाडीत उपाधी दिसली नाही. जानेवारीत हाच घाट गाडी विनातक्रार चढली होती. मे महिन्यात सपाट रस्त्यावरही, तासभर चालल्यावर, ती ठसकली होती. म्हणजे चढ हे कारण नव्हे. फडक्याचे म्हणाल, तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला. अर्ध्या तासात पंप निवला, तसे बॉनेटखालचे बाकी सगळेही निवले होते. आणि प्लग काळे? जादा पेट्रोलने होतात, तसे कमजोर ठिणगीनेही होतात.

परतवाड्याच्या मिस्त्रींनी आधी गाडी तासभर फिरवून तापवली. गार गाडी तपासायला त्यांनी साफ नकार दिला. ठसका सुरू झाल्यावर चारही प्लगच्या लीड एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच पडले. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, चौघांच्या सामाईक वाटेवर आहे. मग कॉइलची लीड बॉडीजवळ धरली. “सर, पेट्रोल तं बराबर येऊन राहिलं. करंटच पिवया हाय.” निळी, कडक ठिणगी हवी, ती पिवळी आणि मऊ होती. डेल्कोचे झाकण काढले, तर पॉइंट जळालेले.

पॉइंट उघडताना प्रवाह एकदम तुटावा लागतो. तसा तुटला तरच कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. तो एकदम तुटावा म्हणून पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो, करंगळीच्या पेराएवढा. त्याचे आतले इन्सुलेशन तापल्यावर दगा देऊ लागले की पॉइंटवरच ठिणगी उडते आणि प्लगला उरलेसुरले मिळते. गार झाले की पुन्हा ठीक.

त्यांनी पॉइंट तसेच ठेवले, फक्त कंडेन्सर बदलला. ठसका गेला. आम्ही पैसे काढले, तर म्हणाले, “थांबा ना सर.” आणि जुना कंडेन्सर पुन्हा लावला. ठसका परत आला. मग नवा बसवला, पॉइंट घासून दिले, आणि आम्ही संध्याकाळी न थांबता इथे येऊन कॉफी प्यायलो. नवा लावून दोष गेला, हा अन्वय म्हणा. जुना लावून दोष परत आणला, हा व्यतिरेक. अमुक बदलले आणि बरे झाले एवढ्यावर बहुतेक जण थांबतात, आम्हीही थांबलो असतो.

आजच्या गाडीत पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचे झाले, पुढे आपल्याकडेही ते आले. मिसिंग झाले की यंत्र पी ०३०१ असा कोड दाखवते, म्हणजे पहिला सिलिंडर. कुठे ते कळले. का, ते तो कोड सांगत नाही. जाणता मिस्त्री मग पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी पुन्हा फिरवून आणतो. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही, तर पुढे प्लग, इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन.