दुरावलेले घर आणि विनोद

मराठी विनोदाने कुटुंबाला फार पूर्वीपासून आपले क्रीडांगण मानले आहे. परंतु दीर्घकाळपर्यंत ह्या खेळाची एक अट होती. खेळणारी सारी माणसे एकाच छपराखाली असावी लागत. १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले प्र. के. अत्रे यांचे 'साष्टांग नमस्कार' हे ह्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. औंधचे अधिपती सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार करीत असतानाच्या त्या काळात अत्र्यांनी नमस्कारांच्या छंदाने पछाडलेला रावबहादूर उभा केला. त्याच्या छंदाने घर त्रासते, पण दुरावत नाही. कर्त्या पुरुषाची विक्षिप्तता हा येथे घराचा एक अलंकारच आहे. साठ वर्षांनी, १९९३ मध्ये, श्रावणी देवधर यांच्या 'लपंडाव' ह्या चित्रपटात एक निनावी प्रेमपत्र घरात शिरले आणि त्याने सर्वांची त्रेधा उडविली; तरी तेथेही घर जागच्या जागी होते. गैरसमज दूर होताच घडी पूर्ववत बसते, हा ह्या विनोदाचा अलिखित करार.

२०१७ च्या सप्टेंबरात प्रदर्शित झालेल्या 'बापजन्म' ह्या चित्रपटाने हा करार मोडला, म्हणून त्याचा विचार साहित्याच्या अभ्यासकानेही करावयास हवा. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरून आलेल्या निपुण धर्माधिकारी यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. सचिन खेडेकर यांनी उभा केलेला भास्कर पंडित हा देशाच्या गुप्तचर सेवेतून निवृत्त झालेला विधुर आहे. हे त्याचे काम मुलांना कधी कळले नाही. त्यांना कळले ते एवढेच की, बाप घरी नसतो. मुले दूर गेली आहेत, ती येत नाहीत. तेव्हा आयुष्यभर वेषांतर आणि बतावणी हेच ज्याचे कसब, तो शेवटी तेच कसब घरावर वापरतो. आपण मेलो अशी बातमी तो उठवितो आणि घरी आलेल्या मुलांचे बोलणे दडून ऐकतो.

मरणाचे सोंग ही कल्पना नवी नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या 'मारून मुटकून वैद्यबुवा'पासून मराठी वाचकाला परिचित असलेल्या मोलिएरने १६७३ मधील आपल्या अखेरच्या नाटकात हीच युक्ती योजिली होती. तेथे काल्पनिक रोगांनी ग्रासलेला आर्गां मेल्याचे सोंग घेतो. पत्नीचा लोभ उघडा पडतो आणि मुलीचे प्रेम सिद्ध होते. परीक्षक बाप आहे, परीक्षार्थी बाकीचे. 'बापजन्म'मध्ये ही रचना उलटली आहे. बापाच्या निधनाने मुले कोसळत नाहीत. त्यांना जे दुःख व्हावयाचे ते बाप जिवंत असतानाच, त्याच्या गैरहजेरीत, होऊन गेलेले आहे. दडून बसलेल्या पित्याला स्वतःचाच निकाल ऐकावा लागतो. प्रेक्षक हसतो तो ह्या अडचणीला, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की येथे पितृत्वाची चौकशी चालली आहे. 'बापजन्मात केले नाही' हा आपल्या बोलण्यातील प्रयोग नेहमी नकाराबरोबरच येतो. बापाने जन्मात जे केले नाही ते मेल्यावर करू पाहणे, हा त्या शीर्षकाचा मर्मभेदी अर्थ आहे.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अनुराग बसू यांचा 'जग्गा जासूस' हा हिंदी चित्रपट आला होता. बोलताना अडखळणाऱ्या पोरक्या मुलाला गाऊन बोलावयास शिकविणारा मानलेला बाप त्याला वसतिगृहाच्या शाळेत सोडून नाहीसा होतो आणि दर वाढदिवसाला केवळ एक चित्रफीत पाठवितो. ह्या बेपत्ता होण्याचा धागाही १९९५ च्या पुरुलिया शस्त्रप्रकरणाशी, म्हणजे राजकीय गुपिताशीच, जाऊन भिडतो. दोन भाषांत, एकाच वर्षी, हे साम्य दिसावे ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

बसू यांचा जन्म भिलाईचा. १९५६ पर्यंत तो दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन तेथे पोलादाचा कारखाना ठरला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि प्रांतोप्रांतीची माणसे आपापली घरे मागे ठेवून तेथे आली. वैशाली नगरसारख्या तेथील वस्त्यांत 'गाव' ह्या शब्दाचा अर्थ राहते ठिकाण असा सहसा होत नाही. तो मागे राहिलेल्यांचा पत्ता असतो. राष्ट्रकार्यासाठी घर सोडणे हे त्या पिढीचे भूषण होते. त्या भूषणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

'बापजन्म' तो प्रश्न विचारतो, हे त्याचे श्रेय. उत्तरार्धात हळवेपणाकडे झुकून तो पित्याला काहीशी स्वस्त क्षमा मिळवून देतो, ही त्याची मर्यादा. देशासाठी झिजल्याचे कारण पुढे आले की मुलांची तक्रार आपोआप लहान ठरते; वस्तुतः ती तेवढीच राहते. अत्र्यांच्या काळी विनोदाला घर सांभाळावयाचे होते. आजच्या विनोदापुढे घर मोडलेलेच आहे. ते जोडण्याची घाई न करता, ते कोणी व का मोडले हे हसत सांगण्याचे धैर्य त्याने दाखविले, तर मराठी विनोदाची ही नवी शाखा खऱ्या अर्थाने फळास येईल.